नववीच्या विज्ञानाचे व्हिडिओ घरी बनवतेय, मदत हवी (आणि कुकरचं काय करू?)

खडूवाली | १६ जून, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी परळ भागातल्या एका मराठी शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. वर्गात ५२ मुलं, तास ३५ मिनिटांचा. हजेरी, वह्या, 'बाई, हा माझं पेन देत नाही' हे सगळं वजा जाता हातात पंचवीस मिनिटं उरतात. त्यात मी समजावते, फळ्यावर लिहिते, मुलं उतरवून घेतात आणि घंटा होते. प्रयोग? पुढच्या तासाला. तो पुढचा तास गेल्या अकरा वर्षांत आलेला नाही.

यंदा ठरवलंय की समजावण्याचा भाग व्हिडिओत टाकायचा. मुलांनी तो आदल्या रात्री घरी बघायचा आणि वर्गात प्रयोग, उदाहरणं, वादावादी. फ्लिप्ड क्लासरूम म्हणतात तेच. स्टाफरूममध्ये सांगितलं तर एक सर म्हणाले, "म्हणजे मुलं फळ्यापाशी आणि तुम्ही बाकावर का?"

नववीपासून सुरुवात करतेय, दहावीवर प्रयोग करायची हिंमत नाही. पहिला धडा 'गतीचे नियम'. काल व्हिडिओ केला. १८ मिनिटांचा झाला, फाईल सव्वादोन जीबी. माझा अर्धा चेहरा कापला गेलाय, फळ्यावर काळे पट्टे सरकताहेत, मागे शेजारच्या रीडेव्हलपमेंटचं ड्रिलिंग आहे आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाच्या ऐन व्याख्येत कुकरच्या तीन शिट्ट्या. एका खोलीत अभ्यास आणि स्वयंपाक दोन्ही, सासूबाईंना किती वेळा 'थांबा' म्हणू?

ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सांगा. महागडं सामान सुचवू नका, फोन चौदा हजारांचा आहे आणि तोच राहणार आहे.

सव्वाआठची_फास्ट | १७ जून, सकाळी ८:२१

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर लिहितो, आत्ता एक हात हँडलला आहे.

नॉनस्टिक | १७ जून, सकाळी ९:०५

प्रत्येक क्रियेला तेवढीच आणि विरुद्ध दिशेने शिट्टी असते. (हलकेच घ्या ताई!)

गोधडी_स्टुडिओ | १७ जून, सकाळी १०:३०

ताई, मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, शिकवण्यातलं काही कळत नाही, पण एवढं सांगतो: चित्र वाईट असलं तर लोक बघतात, आवाज वाईट असला तर बंद करतात. आधी आवाज नीट करा.

फोनबरोबर आलेल्या वायरवाल्या इअरफोनचा माइक असतो ना, तो ओढणीला पिनने अडकवा, हनुवटीपासून वीतभर खाली. फोनच्या स्वतःच्या माइकपेक्षा कितीतरी बरा. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बोला किंवा समोर दोरीवर गोधडी टाका, घुमणं जातं. पंखा बंद. घाम येईल, येऊ द्या.

दुसरं म्हणजे चित्र आणि आवाज एकाच वेळी घ्यायलाच पाहिजे असं नाही. हाताने प्रयोग दाखवताय तो भाग मुका शूट करा, मागे काय वाट्टेल ते वाजू दे. आवाज रात्री साडेअकरानंतर वेगळा रेकॉर्ड करा आणि वर चढवा. कुकरचा प्रश्न मिटला.

ट्रायपॉड नको. दोन उंच स्टीलचे डबे, वर आडवी पोळपाटासारखी फळी, फोन फळीच्या कडेला कॅमेरा खाली करून, मागे वजन म्हणून तांदळाची पिशवी. खाली कागदावर लिहा किंवा प्रयोग करा. चेहरा कापला जायचा प्रश्नच नाही, चेहराच नाही. आणि शूटिंगच्या आधी फोनची लेन्स पुसा. गंमत नाही करत, निम्म्या लोकांचा धुरकटपणा तिथेच असतो.

खडूवाली | १७ जून, दुपारी २:१५

लेन्स पुसली. अकरा वर्षांत एवढा स्वच्छ फळा नव्हता दिसला.

खाडीपलीकडची | १७ जून, दुपारी ३:४०

मी पण शिक्षिका, गोवंडीच्या बाजूला. उत्साहावर पाणी टाकायचं नाहीये, पण बघणार कशावर? माझ्या वर्गातल्या बऱ्याच घरांत स्मार्टफोन एकच आणि तो वडिलांकडे. एका मुलाचे वडील रिक्षा चालवतात, फोनवरच भाडी घेतात. ते येतात साडेदहाला. मग मोठी बहीण, मग हा. तोवर दिवसाचा दीड जीबी संपलेला. २०२०-२१ मध्ये ऑनलाइन शाळेत हे सगळं भोगून झालंय. ज्या मुलाने व्हिडिओ पाहिला नाही तो दुसऱ्या दिवशी वर्गात आणखी मागे पडतो. आधी निदान समोर बसून ऐकत तरी होता.

बोरन्हाण | १७ जून, दुपारी ४:०२

+१. आणि पालक म्हणून आणखी एक. आम्ही दिवसभर 'मोबाईल ठेव' म्हणून ओरडायचं आणि शाळेने रात्री 'मोबाईल घे' म्हणायचं. माझी लेक न्यूटन उघडते आणि चाळीस मिनिटांनी नेल आर्टवर सापडते.

सव्वाआठची_फास्ट | १७ जून, संध्याकाळी ७:१०

आता बसायला मिळालंय (विंडो!), म्हणून लिहितो.

ही कल्पना ज्यांच्या नावावर सांगतात ते बर्गमन आणि सॅम्स हे अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या वुडलँड पार्क इथले रसायनशास्त्राचे शाळामास्तर. २००७ च्या सुमारास त्यांनी तास रेकॉर्ड करायला सुरुवात केली ती काही क्रांती करायला नव्हे. त्यांची मुलं सामन्यांसाठी लांब लांब जायची, तास बुडायचे, ते भरून काढायला. मग लक्षात आलं की हजर मुलंसुद्धा तेच व्हिडिओ बघताहेत. आणि खाडीपलीकडची, तुमचा प्रश्न त्यांनाही पडला होता. ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हतं त्यांना ते डीव्हीडी भरून द्यायचे. आपल्याकडे डीव्हीडीच्या जागी मेमरी कार्ड धरा.

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर त्याच्याही आधी, १९९० च्या दशकात, वेगळ्या वाटेने तिथेच पोचले होते. वाचन घरून करून या, वर्गात मी एक खोचक प्रश्न टाकणार, आधी प्रत्येकाने आपलं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी भांडायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं. त्यात व्हिडिओ नव्हताच. म्हणजे ताई, तुमचा खरा माल वर्गात आहे, व्हिडिओ फक्त पार्सल आहे.

लांबीबद्दल: १८ मिनिटं फार होतात. २०१४ मध्ये फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरची ६९ लाख व्हिडिओ बघण्याची सत्रं तपासली होती. व्हिडिओ कितीही लांब असो, निम्मे प्रेक्षक तरी सहा मिनिटांच्या वर टिकत नव्हते. एका व्हिडिओत एकच कल्पना घ्या. तिन्ही नियमांचे तीन तुकडे करा.

दादर आलं.

कोकणकडा | १७ जून, रात्री ९:३०

सहा मिनिटांचा आकडा सगळीकडे मंत्रासारखा फिरतो, म्हणून टोकतो. ते लोक जगभरातले, स्वखुशीने नाव नोंदवलेले, बहुतेक मोठ्या वयाचे. कंटाळा आला की बंद करायला मोकळे. परळच्या नववीला उद्या बाई विचारणार आहेत, हे त्या आकड्यात कुठे आहे? शिवाय किती वेळ बघितलं आणि किती समजलं या दोन वेगळ्या गोष्टी.

सव्वाआठची_फास्ट | १७ जून, रात्री ९:५५

मान्य. पण माझ्या भाच्याला मी स्वतः पाहिलंय, चौथ्या मिनिटाला तो दीडपट वेगाने लावतो.

कोकणकडा | १७ जून, रात्री १०:०१

मग तुमचा सहा मिनिटांचा व्हिडिओ त्याला चारच मिनिटं पुरणार. :)

ट्यूबलाइट | १८ जून, सकाळी ११:२०

माझ्या नावाचा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं. फळ्यावरचे सरकते काळे पट्टे म्हणजे फोन बिघडलेला नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्याला कळत नाही. फोनचा सेन्सर मात्र चित्र एकदम न घेता वरून खाली ओळीओळीने वाचतो. काही ओळी उजेडात वाचल्या जातात, काही अंधारात, म्हणून पट्टे. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, म्हणजे प्रत्येक ओळीला ट्यूबची पूर्ण उघडझाप मिळते आणि पट्टे जातात. प्रो मोड नसेल तर दिवसा खिडकीजवळ शूट करा.

आणि हो, पट्ट्यांचा व्हिडिओ डिलीट करू नका. मुलांना दाखवा आणि विचारा, हे का होतंय?

अवांतर: टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबून त्याचा पुढचा दिवा सेल्फी कॅमेऱ्यात बघा. बऱ्याच फोनवर जांभळट चमकताना दिसतो. डोळ्याला न दिसणारे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण, फुकटात.

नॉनस्टिक | १८ जून, सकाळी ११:४५

बघितलं. खरंच दिसतं! ऑफिसमधले सगळे आता एसीचा रिमोट फोनसमोर धरून उभे आहेत. बॉस विचारतोय काय चाललंय.

विळी | १८ जून, दुपारी १:१०

वेगळी शंका. स्वतः बनवायचा अट्टहास कशाला? बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की सरकारच्या दीक्षा ॲपवर व्हिडिओ मिळतात. यूट्यूबवर तर ढीग पडलाय.

खाडीपलीकडची | १८ जून, दुपारी २:००

यावर मात्र मी खडूवालींच्या बाजूने. मुलांना बाईंचा आवाज ओळखीचा असतो. मी एकदा दुसरीकडचा, माझ्यापेक्षा शंभरपट चांगला व्हिडिओ पाठवला होता, सात जणांनी पाहिला. मग स्वतःचा, थरथरत्या हाताने काढलेला पाठवला. त्यात मी मध्येच म्हटलं होतं, 'मागच्या बाकावरच्यांनो, हसू नका.' मागचा बाक अख्खा बघून आला, आपल्याला बाई काय म्हणाल्या ते बघायला.

प्रश्नचिन्ह | १८ जून, रात्री १०:४८

व्हिडिओत काय सांगायचं यावर कोणीच बोलत नाहीये, सगळे माइक आणि मिनिटांत अडकलेत.

वेरिटासियम या विज्ञानाच्या यूट्यूब चॅनलवाले डेरेक म्युलर यांनी २००८ मध्ये सिडनी विद्यापीठात नेमकं याच विषयावर पीएचडी केली, आणि तीही न्यूटनचेच नियम घेऊन. गंमत अशी की सरळ, स्वच्छ, सुबक समजावलेला व्हिडिओ पाहून मुलं म्हणाली छान, सोपं, समजलं. चाचणीत मात्र प्रगती जेमतेम. कारण मूल आपली चुकीची समजूत घेऊनच बघतं आणि व्हिडिओ आपल्याच मताला दुजोरा देतोय असं त्याला वाटत राहतं. ज्या व्हिडिओत ती चुकीची समजूत आधी कोणीतरी उघड बोलून दाखवली आणि मग खोडली, तो मुलांना गोंधळाचा आणि अवघड वाटला. पण शिकली ती त्यातूनच.

म्हणून ताई, व्याख्येने सुरू करू नका. चेंडू सरळ वर फेका. हातातून सुटल्यावर, वर जाताना त्यावर कोणतं बल आहे? (हवेचा विरोध सोडून द्या.) नववीतलं जवळपास प्रत्येक मूल म्हणेल, हाताचं वर ढकलणारं बल, जे हळूहळू संपतं. हे उत्तर व्हिडिओत तुमच्या घरातल्या कोणाकडून तरी वदवून घ्या आणि तिथेच थांबवा. 'उद्या वर्गात बघू.' बस्स.

कोकणकडा | १८ जून, रात्री ११:१५

थांबा, मग बल कोणतं असतं? मी कॉमर्सचा.

प्रश्नचिन्ह | १८ जून, रात्री ११:१८

फक्त गुरुत्वाकर्षणाचं, खाली. वर जाताना, टोकाला आणि खाली येताना, तिन्ही वेळा तेवढंच. वेग संपतो, बल संपत नाही.

कोकणकडा | १८ जून, रात्री ११:४०

पन्नाशीला आलोय आणि आज झोप लागणार नाही.

सव्वाआठची_फास्ट | १९ जून, सकाळी ८:३०

प्रश्नचिन्ह यांना दंडवत. त्यात थोडी भर: शिकण्याच्या मानसशास्त्रावर काम करणारे रिचर्ड मेयर यांच्या कामातून निघालेली एक साधी गोष्ट आहे. पडद्यावर चित्र असताना जे बोलताय तेच वाक्य खाली शब्दशः लिहू नका. डोळ्यांना चित्र आणि अक्षरं दोन्हीकडे धावावं लागतं. दोनचार कळीचे शब्द पुरे.

बोरन्हाण | १९ जून, सकाळी ९:१५

भाषेचं काय करणार? माझ्या लेकीची शाळा सेमी-इंग्लिश. क्लासमध्ये ॲक्सेलरेशन, आजोबा म्हणतात त्वरण, आणि ती म्हणते पिकअप.

विळी | १९ जून, सकाळी ९:४०

पिकअप सगळ्यात बरोबर आहे. बाईकवाल्याला विचारा.

खडूवाली | २० जून, रात्री १२:०५

माझ्याकडे मराठी माध्यम आणि सेमी अशा दोन तुकड्या आहेत. दोनदा रेकॉर्ड करणं शक्य नाही. म्हणून बोलते मराठीत आणि कागदावर शब्द दोन्ही लिहिते, त्वरण आणि शेजारी ॲक्सेलरेशन. पिकअपही घेईन, बोरन्हाण यांच्या लेकीचे आभार.

सगळ्यांचं वाचून १८ मिनिटांचा व्हिडिओ टाकून दिला. नवा केला, पाच मिनिटं चाळीस सेकंद. वर फेकायला चेंडू नव्हता, लिंबू फेकलं. चुकीचं उत्तर सासूबाईंनी दिलं, अभिनय न करता. त्या अजूनही त्याच मताच्या आहेत.

गोधडी_स्टुडिओ | २० जून, सकाळी १०:००

पाठवायच्या आधी हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून काढा, रिझोल्यूशन ४८० वर उतरवा. हात आणि कागदच दिसायचा आहे, पुरतं. सहा मिनिटांची फाईल वीस एमबीच्या आत बसते. दीड जीबीवाल्यांनाही परवडेल.

धारावीचा_दिवा | २ जुलै, रात्री ९:५०

उशिरा आलो. मी शिक्षक नाही, विद्यार्थी होतो, आता इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या सरांनी दहावीला असे व्हिडिओ दिले होते. घरात माणसं सात, फोन एक. मी सकाळी शाळेत लवकर जाऊन कॉम्प्युटर लॅबमध्ये बघायचो, आम्ही पाच-सहा जण एका स्क्रीनपुढे. खरं सांगू का, त्या वीस मिनिटांत सरांच्या तासापेक्षा जास्त शिकलो, कारण व्हिडिओ थांबवून भांडता यायचं. सरांना तासाला थांबवता येत नव्हतं.

एकच राग आहे. ज्याने बघितलं नाही त्याला सर उभं करायचे. तेवढं करू नका.

खाडीपलीकडची | २ जुलै, रात्री १०:२०

दिवा, हे लिहिल्याबद्दल थँक्यू रे. लॅबची किल्ली शिपाईकाकांकडून लवकर मिळवता येते का बघते. आमच्याकडे दोन अधिवेशनं आहेत, दुपारची मुलं साडेबाराला आली तरी चालेल.

नॉनस्टिक | ११ जुलै, दुपारी १२:३०

धागाकर्त्या कुठे गेल्या? लिंबू खाली आलं का?

खडूवाली | २६ जुलै, संध्याकाळी ५:१५

आलं आलं. मध्ये पावसाची सुट्टी, मग मतदारयाद्यांचं काम, त्यामुळे गायब होते. हिशोब देते.

आतापर्यंत पाच व्हिडिओ झाले. पहिल्या दिवशी ५२ पैकी १९ जणांनी पाहिला होता. मी खट्टू. पण दिवाचं वाचलं होतं म्हणून कोणालाच उभं केलं नाही. मधल्या सुट्टीआधी लॅब उघडून दिली, पाच-पाचच्या टोळ्या करून बसवल्या. आता घरून आणि लॅबमधून मिळून चाळिसेक होतात. उरलेले कधीच बघत नाहीत, ते आधीही ऐकत नव्हते.

तासाचं सांगते. फळ्यावर लिंबाचा प्रश्न, चार पर्याय, वहीच्या मागच्या पानावर मोठं अक्षर लिहून वर धरायचं. ५२ पैकी ३७ जण 'हाताचं बल' म्हणाले, व्हिडिओ बघून आलेलेसुद्धा! मग शेजाऱ्याशी भांडा म्हटलं. जो गोंगाट झाला, त्याने मुख्याध्यापिका दारात आल्या. एक मुलगी, एरवी तोंडातून शब्द काढत नाही, शेजारच्याला म्हणत होती, "हात तर इथेच राहिला ना रे, मग त्याचं बल वर कुठून गेलं?" मी सांगितलेल्या कुठल्याही वाक्यापेक्षा हे सरस होतं. पुढच्या व्हिडिओत तिचंच वाक्य घेतलं, तिला विचारून.

मग स्लो मोशन. माझ्या फोनवर सेकंदाला २४० चित्रं निघतात. सव्वा मीटरवरून गोटी सोडली की ती अर्ध्या सेकंदात जमिनीवर, म्हणजे साधारण १२० चित्रं. मुलांनी मागे भिंतीवर मोजपट्टी चिकटवून दर दहाव्या चित्राला गोटी कुठे आहे ते मांडलं. अंतरं वाढत जाताना पाहून एक जण ओरडला, "बाई, पिकअप!" बोरन्हाण, लेकीला सांगा.

आता तक्रार. एका व्हिडिओला मला साडेतीन-चार तास जातात. वर्षभराचं अख्खं पुस्तक असं करणं शक्य नाही, नवरा आणि डोळे दोन्ही हातचे जातील. तर सगळे धडे उलटायचेच असं आहे का?

प्रश्नचिन्ह | २६ जुलै, संध्याकाळी ६:००

अजिबात नाही. जिथे मुलांच्या डोक्यात आधीपासून चुकीचं चित्र असतं, किंवा प्रयोगाला वेळ हवा असतो, तेवढेच धडे घ्या. 'आम्ल, आम्लारी व क्षार' घ्या: हळद, जास्वंद, गोकर्णाचं पाणी, लिंबू, धुण्याचा सोडा. दर्शक (रंग बदलून आम्ल की आम्लारी ते सांगणारा पदार्थ) काय असतो तेवढं चार मिनिटांत सांगा आणि रंगांचा खेळ वर्गात. व्हिडिओत रंग बदलून दाखवू मात्र नका, मजाच जाईल.

ट्यूबलाइट | २६ जुलै, संध्याकाळी ६:४०

आणि विजेच्या धड्याला फेट (PhET) या वेबसाइटवरची सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवरचे प्रयोग, वापरा, मराठीतही आहेत, फुकट आहेत. स्क्रीन रेकॉर्ड केली की झालं, डबे-फळी काही नको.

बोरन्हाण | २६ जुलै, रात्री ८:१०

लेकीला दाखवलं. ती म्हणते त्या बाईंचे व्हिडिओ मलाही पाठवा. नेल आर्ट अजून सुरू आहे, पण तरी.

सव्वाआठची_फास्ट | २७ जुलै, सकाळी ८:२५

मूळ प्रश्न राहिलाच की. कुकरचं काय झालं?

खडूवाली | २७ जुलै, रात्री ११:१०

एका व्हिडिओत चुकून एक शिट्टी राहिली होती. दुसऱ्या दिवशी वर्गात पहिला प्रश्न न्यूटनवर नाही, "बाई, शिट्टी का होते?" मग तो तास तिकडेच गेला. आत वाफ कोंडते, दाब बाहेरच्या सुमारे दुप्पट होतो, पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशाला उकळतं, डाळ लवकर शिजते, दाब आणखी वाढला की वाफ वरचं वजन उचलते. मुलांना आता कुकरचा वेगळा व्हिडिओ हवाय, शिट्टीसकट.

सासूबाईंना विचारलं. तयार आहेत. अट एकच, शूटिंग संपल्यावर वरणाला फोडणी मी द्यायची.